घरी किती वाजता पोहोचेन?

उल्हासनगरच्या एका कॉलेजात मी प्रवेशाच्या खिडकीमागे बसते. तेवीस वर्षं झाली. त्यामुळे जून-जुलै आला की नात्यातली, शेजारची, ओळखीच्यांच्या ओळखीची मुलं माझ्या घरी येऊन बसतात. कुठलं कॉलेज वर टाकायचं, कुठलं खाली, ऑप्शन फॉर्ममध्ये काय चूक केली की वर्ष वाया जातं, हे सगळं मला पाठ आहे. कॅम्प दोन भागात मी जिथे प्रिंट काढते तो सिंधी दुकानदार दर वर्षी मशीन चालू करता करता विचारतो, "दीदी, इस साल किसका बच्चा फँसा?" गेल्या वर्षी मी म्हटलं, "मेरे भाई की लड़की."

दादाचा फोन त्याच्या आदल्या दिवशी आला होता. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट इनचार्ज, राहायला बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत. एकुलती एक मुलगी, बारावी झालेली, सीईटीला चांगले मार्क. फोनवर तो वैतागलेला होता.

"तिला काही सुचतच नाहीये गं. काय घ्यायचं विचारलं की म्हणते, काहीही टाका. शेवटची तारीख जवळ आलीय. तू ये आणि तिला लिस्ट करून दे."

"वहिनी काय म्हणते?"

"ती बिचारी काय म्हणणार? तिला तिथून हलता येत नाही."

वहिनी मार्चपासून रोह्याजवळ माहेरी होती. तिच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला होता आणि करणारं दुसरं कोणी नव्हतं. तेव्हापासून मांजर्लीच्या घरात बाप-लेक दोघंच. मला वाटलं, आई जवळ नाही म्हणून पोरगी गोंधळली असेल. रविवारी सकाळी वही, चार रंगांची पेनं आणि लॅपटॉप घेऊन मी स्कूटर काढली.

मी घरात शिरले तर सगळ्या खिडक्या सताड उघड्या. जुलैचा महिना, बाहेर पाऊस तिरका येत होता, हॉलमधला सोफा एका बाजूने ओला झाला होता. मी खिडकी लावायला गेले तर भाची पटकन म्हणाली, "राहू दे आत्या. असंच बरं वाटतं."

दादा फर्स्ट शिफ्टला गेला होता. रविवार असला तरी प्लांट बंद नसतो. आम्ही दोघी जमिनीवर बसलो. मी वहीत रकाने आखले. कॉलेज, ब्रांच, गेल्या वर्षीचा कटऑफ, फी, होस्टेल. मुलांना एकदा रकाने दिसले की ती बोलायला लागतात, असा माझा अनुभव. कोणी म्हणतं मॅथ्स नको, कोणी म्हणतं मैत्रीण तिथे चाललीय, कोणी म्हणतं पुणं म्हणजे पुणंच. ही मात्र प्रत्येक कॉलेजला एकच प्रश्न विचारत होती.

"हे सुटतं किती वाजता?"

"साडेचार, पाच."

"म्हणजे मी घरी किती वाजता पोहोचेन?"

नवी मुंबईतलं एक चांगलं कॉलेज मी सांगितलं. तिने मोबाईलवर वेळ बघितली आणि म्हणाली, "साडेसात होतील. नको." पुण्याचं नाव काढल्यावर तिने काही बघितलंसुद्धा नाही, नुसती मान हलवली. कॉम्प्युटर चालेल का? चालेल. केमिकल? चालेल. बी.फार्म? चालेल. विषय कुठलाही चालत होता, फक्त घरापासून तासाभराच्या आत हवा. फ्रीजवर दादाच्या महिन्याभराच्या शिफ्टचा कागद चिकटवलेला होता आणि ती मधून मधून उठून तिकडे बघून येत होती.

अशी मुलं मी पाहिली आहेत. बहुतेक वेळा कोणीतरी आवडलेलं असतं. मी हळूच विचारलं, "कोणी आहे का गं इथे? सांग, मी काही बोलणार नाही."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळले. "नाही आत्या," ती म्हणाली. "असं काही नाही."

पावणेचारला दादा आला. आल्या आल्या त्याने युनिफॉर्मचा शर्ट काढला आणि ती तो घेऊन मोरीकडे गेली. मी पाणी प्यायला त्याच बाजूला जात होते. दार अर्धवट उघडं होतं. तिने शर्ट दोन्ही हातांत धरला होता आणि त्यात नाक खुपसून वास घेत होती. आधी गळ्याजवळ, मग छातीवर, मग बाह्यांना. शांतपणे, रोजचं काम करावं तसं. मग तिने तो साबणाच्या पाण्यात टाकला.

मी मागच्या पावली फिरले. माझ्या मनात पहिला विचार आला तो दारूचा.

त्यानंतर मी घरात बसून नुसती बघत राहिले. दादा स्वयंपाकघरात गेला की ती मागोमाग उठायची. फ्रीजमधलं दूध त्याला देण्याआधी पातेल्यावर वाकायची. आमटी वाढताना पुन्हा वाकायची. त्याने मोबाईलवर काहीतरी बघत डबा उघडून शिळी भाजी खायला घेतली तेव्हा तिने ती हातातून ओढून घेतली. "बाबा, ती मी टाकून देणार होते." दादाने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला त्या दोघांच्या त्या न बघण्याचीच जास्त भीती वाटली. घरात काहीतरी होतं, दोघांनाही ते ठाऊक होतं, आणि माझ्यासमोर दोघंही ते नसल्यासारखं वागत होते.

निघताना ती मला सोडायला खाली पार्किंगमध्ये आली. मी सरळच विचारलं. "बाबा पितात का?"

ती हसली. "नाही गं आत्या. तसं असतं तर बरं झालं असतं."

पुढे काही सांगेना. मी स्कूटर चालू केली. एमआयडीसीजवळून जाताना नेहमीसारखा तो वास आला, नेलपॉलिश आणि कुजका लसूण एकत्र केल्यासारखा. इतकी वर्षं त्या रस्त्याने जाते, ओढणी नाकाला लावते आणि विसरून जाते. त्या दिवशी तो वास घरापर्यंत माझ्याबरोबर आला.

पुढच्या शनिवारी मी कपडे घेऊनच गेले. लिस्ट पूर्ण व्हायची आहे, रात्री राहते, असं सांगितलं. रविवारी दादाला सुट्टी होती. सकाळी साडेसातच्या सुमारास मी हॉलमध्ये अंथरूण गोळा करत होते. भाची अंघोळीला गेली होती. दादाने चहा टाकला होता आणि तो ओट्याला टेकून मोबाईलवर बातम्या वाचत उभा होता. मला पाठमोरा दिसत होता.

आधी मला चर्र असा आवाज आला. चहा उतू गेला असेल असं वाटलं. गादी उचलून मी आतल्या खोलीत ठेवून आले, आणि बाहेर येते तर गॅसचा वास. थोडाथोडका नाही. स्वयंपाकघराच्या दारातच तो नाकात शिरला. चहा उतू जाऊन शेगडी विझली होती आणि बटण तसंच चालू होतं. दादा शेगडीपासून हातभर अंतरावर होता. त्याने पातेलं बघितलं, "च्" असं म्हटलं, फडक्याने ओटा पुसला. मग मोबाईल बाजूला ठेवला आणि लायटर उचलला.

माझ्या तोंडून आवाजच फुटला नाही. आजही ते आठवलं की मला माझाच राग येतो. तेवढ्यात बाथरूमचं दार धाडकन उघडलं. ती गाऊन गुंडाळून, केसांतून पाणी गळत असलेली, धावत आली.

"बाबा, लायटर खाली ठेवा."

ती ओरडली नाही. लहान मुलाच्या हातात सुरी दिसल्यावर आपण जसं बोलतो, तसं बोलली. दादाने लायटर खाली ठेवला. तिने बटण बंद केलं, रेग्युलेटर बंद केला, बाल्कनीचं दार उघडलं आणि मला म्हणाली, "आत्या, लाईटच्या कुठल्याच बटणाला हात लावू नकोस." मग ती बाल्कनीत जाऊन कठड्याला धरून उभी राहिली. 

खिडक्या बंद असत्या तर काय झालं असतं, हे मला तेव्हा कळलं. खिडक्या उघड्या का असतात तेही कळलं.

ती मला खाली घेऊन गेली. त्यांच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये खांबांवर पेन्सिलने, खडूने, ऑइलपेंटने रेघा मारलेल्या आहेत. उल्हास नदीला पूर येतो तेव्हा पाणी कुठवर चढलं त्याच्या. तिथल्याच एका खांबाशी उभं राहून तिने सगळं सांगितलं.

"आई गेल्यावर महिनाभराने लक्षात आलं. बाबांनी आंबलेलं वरण खाल्लं, दोन वाट्या. मला वाटलं, लक्ष नसेल. मग एकदा बाथरूममध्ये फिनेलची बाटली फुटली. मला डोळे उघडता येत नव्हते आणि ते तिथेच उभं राहून दाढी करत होते."

"मग?"

"मग मी टेस्ट घेतली."

बारावीच्या केमिस्ट्रीच्या वहीचं शेवटचं पान तिने मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलं होतं. ते दाखवलं. खाली खाली लिहिलं होतं. हिंग, नाही. कापूर, नाही. जळलेली चपाती, नाही. व्हिक्स, नाकात झोंबलं म्हणाले, वास नाही. पेट्रोल, नाही.

"पेट्रोल कसं दिलंस?"

"रुमालाला लावलं आणि तो रुमाल इस्त्रीच्या कपड्यांत ठेवला. त्यांनी घेतला आणि खिशात घातला. कंपनीत घेऊन चालले होते आत्या. मी जिन्यात पळत जाऊन बदलून दिला."

 मी कोणाच्या तरी बाईकच्या सीटवर टेकले.

"त्यांना माहीत आहे का, तुला कळलंय ते?"

"माहीत नाही. आम्ही बोलत नाही." मग ती म्हणाली, "त्यांच्या शर्टाला वास असतो. एकेका दिवशी खूप असतो. म्हणजे ते कशात तरी उभे असतात आणि त्यांना कळत नाही. मी बाहेर गेले तर घरातलं तरी कोण बघणार? कंपनीतलं तर मला बघताच येत नाही."

घरापासून तासाभराच्या आतलं कॉलेज तिला कशासाठी हवं होतं, ते मला इतक्या उशिरा समजलं. तेवीस वर्षं मुलांच्या याद्या बनवणाऱ्या बाईला.

दादाशी मी त्याच दुपारी बोलले. तो बाल्कनीत बसला होता. समोर नदी मातकट होऊन वाहत होती. मी म्हटलं, "दादा, तुला वास येत नाही."

त्याने नाकारलं नाही. "गॅसमध्ये वास मिसळलेला असतो, माणसाला कळावा म्हणून. आमच्या प्लांटमध्ये मीच नव्या पोरांना हे शिकवतो," तो म्हणाला.

"किती दिवस झाले?"

"दोन वर्षं तरी. आधी बारीक वास गेले. फुलांचे वगैरे. तुझी वहिनी होती, घरात काही कळलं नाही. मग एक एक करत सगळेच."

"आणि प्लांटमध्ये?"

"गॅसचे मीटर आहेत."

"दादा."

 "मीटर वाजायच्या आधी जुन्या माणसाला नाकाने कळतं. मी राऊंडला जातो तेव्हा एका ऑपरेटरला बरोबर नेतो. त्याला विचारतो, काय रे, काही वास येतोय का? त्याला वाटतं साहेब परीक्षा घेतात."

"आणि तो रजेवर असला तर?"

 तिथे काय काय पेटणारं असतं हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. वर्षाला मेडिकल होतं. डोळे, फुप्फुसं, रक्त सगळं तपासतात. "नाकाचं कोणी विचारतच नाही," तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्याच्या आवाजात सुटका होती की तक्रार, ते मला ओळखता आलं नाही.

मी त्याला सांगितलं की त्याला हे कंपनीत सांगावंच लागेल. पोरीला सगळं ठाऊक आहे, ती तुझ्यासाठी इथे अडकतेय, हेही सांगितलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिला कळलंय हे त्याला ठाऊक होतं. ती कॉलेजं त्यासाठी गाळतेय, हे मात्र नव्हतं. "मला वाटलं तिला खरंच काही सुचत नाहीये," तो म्हणाला.

"सांगशील?"

"सांगतो. दोन दिवस दे."

दोन दिवस गेले, मग चार. मी रोज फोन करायचे. आज साहेब नव्हते. आज ऑडिट होतं. आज शटडाऊन होता. खिडकीवर बसून मी फॉर्म तपासत असे आणि बाहेर कुठे सायरन वाजला तरी हातातलं पेन थांबायचं. एका संध्याकाळी अंबरनाथच्या बाजूने कुठलातरी वास सुटल्याची बातमी आली. रिक्षावाले तोंडाला रुमाल बांधून फिरत होते. दादा सेकंड शिफ्टला होता. त्यांचे मोबाईल गेटवर लॉकरमध्ये ठेवतात, त्यामुळे त्याचा फोन नुसता वाजत राहिला. भाचीचा मला फोन आला. ती काहीच बोलली नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. आम्ही दोघी तशाच फोन कानाला धरून बसलो. वास दुसऱ्याच कंपनीचा होता, हे आम्हाला दोन तासांनी कळलं.

त्याच आठवड्यात मी तिला एक प्रश्न विचारला. "समज, बाबांचं नाक ठणठणीत आहे. मग तू काय टाकशील?"

मला वाटलं होतं ती पटकन सांगेल. ती बराच वेळ नखं बघत बसली. "खरंच माहीत नाही आत्या. मी हा विचारच केला नाही कधी."

मग आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. रकाने वगैरे नाही, नुसत्या गप्पा. तिला काय करताना वेळ कळत नाही, हे मी विचारत राहिले. गणितं नाहीत, कोडिंग तर नाहीच. शेवटी ती लाजत म्हणाली, "खांबावरच्या रेघा मी मारते. सातवीपासून. पाणी चढायला लागलं की मी दर अर्ध्या तासाने खाली जाऊन बघते. धरणातून किती सोडलं ते नेटवर बघते आणि इथे किती तासांत येईल ते काढते. एकदा माझा अंदाज पंधरा मिनिटांनी चुकला फक्त. सगळ्यांनी त्याच्या आधी गाड्या काढल्या होत्या."

"वेडे, याला सिव्हिल म्हणतात," मी म्हणाले. "यात पाण्याचं वेगळं शिक्षण असतं."

घाटापलीकडे एका सरकारी कॉलेजात ते चांगलं होतं. बसने सात-आठ तास, होस्टेल. तिच्या मार्कांना ते अगदी नीट बसत होतं. तिने ते नाव वहीत लिहिलं, त्याच्याभोवती चौकोन काढला, आणि लगेच म्हणाली, "पण हे नाही टाकायचं."

शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत फॉर्म कन्फर्म करायचा होता. मी अर्धी रजा टाकून दोनलाच मांजर्लीत पोहोचले. तिने स्वतःच यादी भरून ठेवली होती. पहिल्या क्रमांकावर जवळचं एक कॉलेज, तिला अजिबात नको असलेली ब्रांच. मला त्या यादीची भीती वाटली कारण नियम मला ठाऊक होता. पहिला पसंतीक्रम मिळाला की तो पक्का, मग पुढच्या फेरीत जाता येत नाही. आणि हे कॉलेज तिला पहिल्याच फेरीत मिळणार, हे मी डोळे मिटून सांगू शकत होते.

कन्फर्म करायचा ओटीपी दादाच्या मोबाईलवर येणार होता. तो आला तेव्हा चार वाजून गेले होते. त्याने चप्पल काढायच्या आधी लॅपटॉपचा स्क्रीन बघितला.

"ते पाण्याचं कुठाय? आत्या म्हणाली होती ते."

"ते नाही टाकलं," ती म्हणाली.

"टाक. एक नंबरला."

"नाही."

"मग ओटीपी मिळणार नाही." त्याने मोबाईल शर्टाच्या खिशात ठेवला.

ती उठून उभी राहिली. त्या दिवशी पहिल्यांदा ती त्याच्याकडे सरळ बघून बोलली. "तुम्ही आधी कंपनीत सांगा. मग टाकते."

 चार महिने जे कोणी बोललं नव्हतं ते असं फॉर्मच्या निमित्ताने बाहेर पडलं. दादा खुर्चीवर बसला. मी घड्याळाकडे बघत होते. चार एकवीस, चार सव्वीस. साइट अशा वेळी हळू होते, एकदा तर पान परत उघडावं लागलं. मी दोघांनाही म्हटलं की भांडण नंतर करा. कोणी ऐकलं नाही.

"मी गेले आणि तुम्हाला काही झालं तर?" ती विचारत होती. "तुमच्याबरोबर तिथे असतात त्यांना काही झालं तर?"

चार अडतीसला दादा म्हणाला, "सांगितलंय."

"काय?"

"आज सकाळी सांगितलं. मॅनेजरला. स्टोअरला बदली देतो म्हणाले, पुढच्या महिन्यापासून."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "माझी शपथ?"

"तुझी शपथ."

ती रडली नाही. खाली बसली, घाटापलीकडचं कॉलेज वर ओढलं, जवळची खाली ढकलली. मी कॉलेजचे कोड दोनदा तपासले. दादाने ओटीपी वाचून दाखवला, सहा आकडे, एकेक करून. चार एकोणपन्नासला स्क्रीनवर कन्फर्म झाल्याचं आलं. तिने बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. त्याचा हात तिच्या केसांवर होता आणि तो खिडकीबाहेर बघत होता. त्याचा चेहरा मला दिसला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कदाचित कळलंही असेल, आणि फॉर्म झाला म्हणून मी गप्प बसले असेन.

तिला ते कॉलेज मिळालं. ऑगस्टमध्ये दादा आणि मी तिला होस्टेलवर सोडून आलो. निघताना तिने मला बाजूला घेतलं आणि शेगडीची, दुधाची, सिलिंडरची कामं एका कागदावर लिहून दिली. मी तो पर्समध्ये ठेवला. महिना उलटला, दुसरा सुरू झाला. एक दिवस मी सहज दादाला विचारलं, स्टोअरमध्ये कसं वाटतंय. तो म्हणाला, "या आठवड्यात नाईट आहे."

स्टोअरला नाईट नसते. एवढं मलाही माहीत होतं.

"तू सांगितलं नाहीस."

"रिटायरमेंटला पाच वर्षं राहिलीत गं. तिचं शिक्षण आत्ता सुरू झालंय." मग खालच्या आवाजात, "शपथ घेतली तेव्हा वाटलं होतं, उद्या सांगेन."

मी त्याला एक आठवडा दिला. तो आठवडा मी कसा काढला ते सांगत नाही. आठव्या दिवशी त्याच्या कंपनीच्या गेटवर गेले आणि वॉचमनकडे सेफ्टी ऑफिसरला भेटायचं असल्याची चिठ्ठी दिली. ते माझ्या मुलाच्या वयाचे वाटले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला. "मॅडम, कधीपासून आहे हे?"

"मार्चपासून," मी म्हणाले.

दोन वर्षं म्हटलं असतं तर दादाची नोकरीच गेली असती, असं मला वाटलं. त्यांनी ते लिहून घेतलं. माझ्या त्या शब्दामुळे मागच्या दोन वर्षांतली त्याची कुठलीही शिफ्ट, कुठलाही राऊंड, कुठलीही बारीकसारीक गळती कोणी पुन्हा उघडून बघितली नाही. काही निघालं नसतंही. पण हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

दादाची स्टोअरला बदली झाली. पगार थोडा कमी झाला, नोकरी राहिली. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल असं सांगता येत नाही. तो माझ्याशी बोलेनासा झाला. नवरात्रात मी गेले तर आरतीच्या वेळी तो माझ्या शेजारून उठून दुसरीकडे उभा राहिला. वहिनी सप्टेंबरअखेर परत आली आणि तिला सगळं कळलं तेव्हा ती आम्हा तिघांवरही संतापली. तिने पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरात गॅसचा अलार्म बसवून घेतला. तो फोडणीलासुद्धा किंचाळतो.

दिवाळीत भाची घरी आली. भाऊबीजेला मी गेले. ओवाळून झाल्यावर आम्ही चौघं जेवायला बसलो आणि दादा इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला.

"माझ्यानंतर त्यांनी सगळ्या शिफ्टवाल्यांची टेस्ट घेतली. बाटल्या हुंगायला दिल्या. एकीत लवंगेचं तेल, एकीत साधं पाणी, असं." तो भात कालवत होता. "वास न येणारे आणखी दोघं निघाले. एकाला तर माझ्या जागी बसवलं होतं. महिनाभर."

वहिनीने हातातलं ताट खाली ठेवलं.  भाची मात्र विचार करत होती, पाणी किती तासांत येईल ते काढताना जशी करत असेल तशी.

"बाबा," ती म्हणाली, "त्या काकांच्या घरी स्वयंपाक कोण करतं?"

दादाला माहीत नव्हतं. त्याने जेवण तसंच टाकलं, हात धुतले आणि फोन शोधायला उठला.